बिल्बाओ संघाचे भांडवल कोणते?

युरोपातील फुटबॉलचा नवा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि त्यापूर्वीचे दोन महिने तेथील वृत्तपत्रे एकाच चर्चेने भरून जातात. कोणत्या क्लबने कोणता खेळाडू किती कोटींना घेतला? आगामी हंगामात संघाला महत्त्वाचा कोण, याचे उत्तर खरेदीच्या यादीतच शोधावयाचे, असा जणू दंडकच पडून गेला आहे. २०१७ साली पॅरिसच्या क्लबने नेमार या एका खेळाडूसाठी २२ कोटी २० लक्ष युरो मोजले. त्या क्लबमागे कतारच्या तेल-वायूच्या पैशाची थैली होती, हे वेगळे सांगावयास नको.

स्पेनमधील बिल्बाओ शहराच्या अथलेटिक क्लबपुढे मात्र हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो. १८९८ साली स्थापन झालेला हा क्लब शतकाहून अधिक काळ केवळ बास्क प्रदेशाचे खेळाडू खेळवीत आला आहे. जन्म तरी तेथला हवा, नाही तर खेळाचे शिक्षण तरी तेथे झालेले हवे. हे बंधन सरकारने घातलेले नाही. सभासदांनी पिढ्यान् पिढ्या पाळलेला तो संकेत आहे. असे असूनही १९२९ पासून २०२५ पर्यंत स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली न घसरलेले जे तीन क्लब आहेत, त्यांत रेआल माद्रिद व बार्सेलोना या धनाढ्यांच्या पंक्तीला तिसरा हाच आहे. १९९० च्या कायद्याने स्पेनमधील बहुतेक व्यावसायिक क्लबांना भागभांडवली कंपन्या होणे भाग पडले. सभासदांच्या मालकीचे जे चारच उरले, त्यांतही हा आहे. याच बास्क प्रदेशातील मोंद्रागोन येथे १९५६ साली कामगारांच्या सहकारी उद्योगांची मुहूर्तमेढ रोवली गेली, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. (सहकाराचा अर्थ ज्यांना केवळ साखर कारखान्याच्या निवडणुकीवरून ठाऊक आहे, त्यांनी या दोन्ही संस्थांचा थोडा अभ्यास करावा.)

अशा क्लबात येत्या हंगामासाठी सर्वांत मोलाचा खेळाडू कोण? सर्वसामान्य प्रेक्षक निको विल्यम्सचे नाव घेईल. २०२४ च्या युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात स्पेनचा पहिला गोल याचाच. बार्सेलोनाने त्याच्यासाठी दोन उन्हाळे गळ टाकला. तथापि जुलै २०२५ मध्ये त्याने बिल्बाओशीच २०३५ पर्यंतचा करार केला. शहरात त्या दिवशी आनंदीआनंद झाला, आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने क्लबाचे जमाखर्च जरा बारकाईने पाहावेत. तेथे निराळीच गोष्ट लिहिलेली आढळते.

जानेवारी २०१८ मध्ये मँचेस्टर सिटीने एमेरिक लापोर्त हा बचावपटू साडेसहा कोटी युरो भरून नेला. त्याच आठवड्यात बिल्बाओने शेजारच्या रेआल सोसिएदादकडून इन्यिगो मार्टिनेझला ३ कोटी २० लक्ष युरो देऊन आणले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या चेल्सीने आठ कोटी युरो टाकून केपा अरिझाबालागा हा गोलरक्षक उचलला. गोलरक्षकासाठी तोवर जगात कोणी इतकी रक्कम मोजलेली नव्हती. ही जागा मात्र बाजारातून भरली गेली नाही. दुसऱ्या क्लबाकडे उसना धाडलेला आपल्याच प्रशाळेतला एक एकवीस वर्षांचा मुलगा परत बोलावण्यात आला. त्याचे नाव उनाइ सिमोन. पुढे तो स्पेनचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक झाला आणि २०२४ चे अजिंक्यपद त्याच्याच हातांनी राखले. उलट, रोख मोजून आणलेला मार्टिनेझ करार संपताच २०२३ साली बार्सेलोनाला निघून गेला, आणि क्लबच्या तिजोरीत एक छदामही आला नाही.

मार्टिनेझला दोष देण्यात अर्थ नाही. करार संपल्यावरही खेळाडूला क्लबाच्या दावणीस बांधून ठेवणारी प्रथा युरोपीय न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये बॉसमन या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात मोडीत काढली. श्रमिकाला आपले श्रम कोठे विकावेत याचे स्वातंत्र्य मिळाले, याचे समाजवाद्याने स्वागतच केले पाहिजे. मात्र त्याच निकालाने युरोपीय संघातील परदेशी खेळाडूंच्या संख्येवरील मर्यादाही उठवली, आणि ज्याच्या हाती भांडवल त्याच्या दारी सारे कौशल्य लोटले. श्रमिक मुक्त झाला आणि मक्तेदारीही मुक्त झाली. या पेचातून फुटबॉलच्या जगाला अद्याप वाट सापडलेली नाही. बिल्बाओने शोधलेली वाट अपुरी आहे, पण ती वाट आहे खरी.

ती जाते लेझामा या गावावरून. तेथे १९७१ पासून क्लबाची प्रशिक्षण मैदाने आहेत. ६ एप्रिल २०२४ रोजी सेविय्या येथे मायोर्काला पेनल्टी फटक्यांवर हरवून बिल्बाओने चाळीस वर्षांनी राजाचषक जिंकला, तेव्हा गोलात सिमोन नव्हता. चषकाच्या सामन्यांसाठी ठेवलेला दुसऱ्या क्रमांकाचा, लेझामातच घडलेला गोलरक्षक आगिरेझाबाला तेथे होता, आणि त्याने एक पेनल्टी अडवली. लीगच्या गोलरक्षकांच्या यादीत ज्याचे नाव क्वचितच दिसे, त्याच्या तळहातावर चार दशकांची प्रतीक्षा संपली.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मे २०२५ मध्ये युरोपा लीगच्या उपान्त्य फेरीत बिल्बाओची गाठ मँचेस्टर युनायटेडशी पडली. अंतिम सामना बिल्बाओच्याच सान मामेस मैदानावर व्हावयाचा होता, त्यामुळे सारे शहर श्वास रोखून होते. पहिल्या सामन्यात विवियान या बचावपटूला बाहेर काढण्यात आले व संघ ०-३ असा हरला. परतीच्या सामन्यास विल्यम्स बंधू आणि सान्सेत हे तिघेही दुखापतीमुळे मुकले, विवियानवर बंदी होती, निकाल १-४. श्रीमंत क्लब अशा वेळी बाकावर बसवलेल्या कोट्यधीश खेळाडूला पुढे करतो. बिल्बाओला ती सोय नाही. म्हणूनच या संघाच्या कोणत्याही हंगामाचे भवितव्य पहिल्या अकरांवर जेवढे ठरते, त्याहून अधिक बाराव्या ते विसाव्या खेळाडूवर ठरते, आणि हे खेळाडू राखीव संघातच तयार व्हावे लागतात. निकोचा करार हा मोठा दिलासा असेल. परंतु एका ताऱ्याचे वेतन आणि राखीव संघातील मुलाचे वेतन यांतील दरी वाढतच गेली, तर बाजाराला बाहेर ठेवल्याचे समाधान फार काळ टिकणार नाही. बाजार दाराबाहेरून आत आलेला असेल एवढेच.

या धोरणावरचा एक आक्षेप अधिक गंभीर आहे. जन्मभूमीवर आधारलेला संघ हा संकुचित वंशाभिमानाचा अवतार नव्हे काय? बास्क राष्ट्रवादाचे जनक साबिनो आराना यांना बिस्कायाच्या लोखंडाच्या खाणींत स्पेनच्या इतर भागांतून आलेले मजूर नकोसे होते. १८९० साली त्याच मजुरांनी फाकुन्दो पेरेझागुआ यांच्या नेतृत्वाखाली संप करून स्पॅनिश समाजवादी चळवळीचा पाया घातला, हा इतिहास विसरता येत नाही. तेव्हा हा आक्षेप उडवून लावता येणार नाही. मात्र क्लबाची व्याख्या काळाबरोबर रुंदावली आहे. निकोचा थोरला भाऊ इन्याकी याचे आईवडील घानामधून सहारा ओलांडून स्पेनमध्ये आले. इन्याकी १९९४ साली बिल्बाओतच जन्मला. एप्रिल २०१६ ते जानेवारी २०२३ या काळात तो सलग २५१ लीग सामने खेळला, आणि २०२५ साली संघाचे कर्णधारपद त्याच्याकडे आले. आरानांच्या मापाने तो बास्क ठरला नसता. लापोर्त तर फ्रान्समधील आझांचा. त्याला बास्क केले ते लेझामाने, आणि २०२५ मध्ये तो परतही आला.

शेजारच्या लहान क्लबांची तक्रार मात्र अद्याप तशीच आहे. ओसासुना असो वा रेआल सोसिएदाद, त्यांची होतकरू मुले बिल्बाओ आपल्या मोठ्या तिजोरीच्या बळावर ओढून नेतो, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे. माद्रिद बिल्बाओशी जे वागते, ते बिल्बाओने आपल्या शेजाऱ्यांशी वागू नये. क्लबाचे चाळीस हजारांहून अधिक सभासद आहेत, आणि वार्षिक सभेत सभासदांचे प्रतिनिधी हिशेब मंजूर करतात. लेझामावर आणि ज्या गावांतल्या क्लबांतून मुले लेझामात येतात त्यांच्यावर किती खर्च झाला, हा आकडा त्यांनी ताऱ्यांच्या वेतनाच्या आकड्याशेजारी मांडून घ्यावा आणि मगच हात वर करावा.