फळा, पडदा आणि शिक्षक

दरवर्षी जूनच्या मध्यास शाळांची कुलुपे निघतात आणि त्यांबरोबरच प्राथमिक शाळांना यंत्रसाधने पुरविण्याच्या घोषणाही निघतात. कोठे स्मार्ट बोर्ड, कोठे टॅब, कोठे प्रोजेक्टर. उद्घाटनाचा नारळ फुटतो, छायाचित्रे छापून येतात. पण त्या वस्तूंचे पुढे काय झाले याची वास्तपुस्त मात्र क्वचितच होते. लहान मुलांच्या वर्गात या साधनांचे मोल किती, हा प्रश्न म्हणूनच एकदा नीट विचारला पाहिजे.

नव्या साधनांस नाक मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. पंतोजींच्या शाळेतील धूळपाटी हे एक साधनच होते. तिच्यानंतरची दगडी पाटी, छापील पुस्तक आणि भिंतीवरचा फळा ही साधनेही आपापल्या काळी नवीच होती. १९६७ साली ‘बालभारती’ स्थापन झाली आणि गावोगावच्या मुलांच्या हाती स्वस्त व एकसारखे क्रमिक पुस्तक पडू लागले, हेही छपाईच्या यंत्राचेच देणे. तेव्हा ‘वर्गात यंत्र नको’ हे म्हणणे टिकणारे नाही. यंत्र कोणाच्या हाती आणि कशासाठी, एवढाच वाद खरा आहे.

याचे उत्तर अनुभवाने दिलेले आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने भारतातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्यात आली. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. याच सोयीचा उपयोग करून हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षणही देण्यात आले. वर्ष संपले, उपग्रह परत गेला आणि पडदे मुके झाले. परंतु शिक्षकांनी जे आत्मसात केले ते काही उपग्रहाबरोबर परत गेले नाही. यंत्रावर केलेला खर्च यंत्राबरोबर संपतो, शिक्षकावर केलेला खर्च मागे उरतो, हा त्या प्रयोगाचा धडा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो.

उलट बाजूचे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचे आहे. तेथील सरकारने २००८ च्या सुमारास मुलामागे एक लॅपटॉप देण्याची योजना हाती घेतली आणि आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. २०१२ साली त्या योजनेची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा मुलांच्या गणितात वा भाषेत काहीच प्रगती आढळली नाही. यंत्र आले होते. पण ते शिकविण्यात कसे गुंफावे हे शिक्षकाला कोणी दाखविले नव्हते. शाळांतील पडद्यांसाठी नावाजलेल्या स्वीडनसारख्या संपन्न देशानेही २०२३ साली लहान मुलांच्या वर्गात छापील पुस्तके आणि हस्तलेखन यांकडे पुन्हा मोहरा वळविला.

मग साधनांचा लाभ कोठेच होत नाही काय? होतो, आणि तो ठसठशीत होतो. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांना शाळा सुटल्यानंतर अशा एका संगणकीय कार्यक्रमाच्या आधारे शिकविण्यात आले, की जो प्रत्येक मुलाची खरी पायरी ओळखून तेथूनच पुढचा पाठ देत असे. साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोन्ही विषयांत त्या मुलांची प्रगती इतरांहून लक्षणीय झाली. याचे कारण उघड आहे. एकाच वर्गात बसलेली मुले एकाच पायरीवर नसतात, आणि चाळीस मुलांपुढे उभ्या असलेल्या एका शिक्षकाला चाळीस पायऱ्यांवर एकाच वेळी उभे राहता येत नाही. नेमके तेथे यंत्राने हात द्यावा. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तोही अशाच दृष्टीबद्दल. कन्नड बोलणाऱ्या मुलींना पुस्तक कळत नाही हे त्यांनी हेरले, ते त्यांच्या भाषेत आणले, आणि पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड छापून कविता व पाठ ऐकण्या-पाहण्याची सोय केली. येथे अडचण आधी दिसली आणि साधन मागाहून आले. आमच्या सरकारी खरेदीत बहुधा हा क्रम उलटा असतो.

प्रश्नाची निकड किती आहे हे ‘असर’ पाहणीवरून कळते. २०२४ च्या या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला पडद्यावरचे चित्र तासभर गुंगवील. शिकवील असे नाही. तेव्हा प्राथमिक शाळेत येणाऱ्या प्रत्येक यंत्राला एकच कसोटी लावावी: याच्यामुळे मूल वाचू, लिहू आणि हिशेब करू लागते काय?

याकरिता आमच्या मागण्या चार आहेत. खरेदीच्या रकमेबरोबरच वीज, इंटरनेट आणि दुरुस्ती यांची वार्षिक तरतूद मंजूर व्हावी. वीजबिल थकून जोडणी तुटलेल्या शाळेत स्मार्ट बोर्ड ही केवळ भिंतीची शोभा होय. शिक्षकांचे प्रशिक्षण यंत्रे येण्यापूर्वी व्हावे आणि ते वर्गातील अडचणींना धरून असावे. गोंडी, भिली, कोरकू, वारली बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या बोलीतील साहित्य तयार व्हावे. आणि पडदा आहे म्हणून शिक्षकाची रिक्त जागा भरण्यात चालढकल कदापि होऊ नये.

कुरणात गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत हे पाहून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. त्या कुरणशाळेत विजेचे एकही उपकरण नव्हते. मूल कोठे आहे हे पाहून तेथवर जाणारी बुद्धी मात्र होती. आजची यंत्रे त्या बुद्धीला शतपट बळ देऊ शकतील. तिची जागा घेऊ शकणार नाहीत.

शेवटी एक गोष्ट आमच्या वाचकांस सांगणे भाग आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले आता जिल्हा परिषदेच्या वा नगरपालिकेच्या शाळेत जात नाहीत. त्यामुळे तेथील यंत्र चालते की बंद आहे, याची झळ आपल्याला लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत घरात एकही स्मार्टफोन नसलेल्या मुलांचे काय झाले, हेही आपण लवकरच विसरलो. प्राथमिक शिक्षणावर आधी खर्च करा, असे महात्मा फुले यांनी हंटर कमिशनपुढे १८८२ साली निक्षून सांगितले होते. तो खर्च आज होतो. परंतु तो मुलापर्यंत पोहोचतो की कपाटात कुलूपबंद होतो, हे पाहणे कर भरणाऱ्या प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. आपल्या जवळच्या सार्वजनिक शाळेत एकदा जाऊन हे यंत्र शेवटचे केव्हा सुरू झाले होते, एवढे जरी प्रत्येकाने विचारले, तरी पुढील जूनमधील घोषणा अधिक जबाबदारीने होतील.