फळे द्यावीत, झाड राखावे

गेल्या मार्गशीर्षात एका नातलगाच्या वास्तुशांतीच्या निमित्ताने आमचा सारा गोतावळा पुण्यात जमला होता. जेवणे आटोपून पानसुपारी चालू असताना माझी मावशी सहज म्हणाली, "माघात मी नर्मदा परिक्रमेला निघाले आहे. बसने. पैसेही भरून टाकले." मावशीचे वय बहात्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीसहून अधिक वर्षे शिकवून ती निवृत्त झाली. काकांना जाऊन सहा वर्षे झाली. तिचे स्वत:चे निवृत्तिवेतन आहे आणि साताऱ्यातले दोन खोल्यांचे घर तिच्या नावावर आहे. तिचे बोलणे ऐकून क्षणभर सारे गप्प झाले. मग तिचा थोरला मुलगा हसतच, पण सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आई, तेवढ्यात तुझ्या नातवाच्या क्लासचा एक हप्ता भागला असता की!" मावशीने सुपारी कातरता कातरता उत्तर दिले, "तुझी फी आम्ही भरली ना रे? मग त्याची तू भर. माझ्याकडून त्याला खाऊ."

विषय तेथेच थांबला. पण परतीच्या प्रवासात आमच्या गाडीत तो पुन्हा निघाला. "म्हातारपणी माणूस स्वार्थी होतो," असे एकाचे मत पडले. "जन्मभर मन मारले तिने, आता तरी फिरू द्या," असे दुसऱ्याचे. मी स्वत: निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभा आहे. त्यामुळे हा वाद मला मावशीपुरता वाटला नाही. आयुष्याच्या संध्याकाळी हाती उरलेल्या पैशावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न आज महाराष्ट्रातील असंख्य मध्यमवर्गीय घरांत उभा आहे. फरक इतकाच की, तो बहुधा कोणी उच्चारीत नाही.

अधिकार गेला, सवय उरली

आज सत्तरीत असलेल्या पिढीवर काटकसरीचे संस्कार झाले. त्या पिढीतील वडिलांनी चपलेचा अंगठा तीनदा शिवून घेतला आणि आईने सणाला नवे लुगडे घेताना आधी मुलांच्या कपड्यांचा हिशेब केला. स्वत:वर खर्च करणे ही त्यांच्या लेखी जवळजवळ चोरीच. या वृत्तीतूनच मुले शिकली, घरे उभी राहिली. तिच्याविषयी कृतज्ञता न बाळगणे हा करंटेपणा ठरेल.

तथापि ही वृत्ती ज्या कुटुंबव्यवस्थेत रुजली, ती व्यवस्था वेगळी होती. एकत्र कुटुंबात वृद्धांच्या गाठीला स्वतंत्र पैसा नसे, पण सातबारा त्यांच्या नावे असे, कोठीच्या किल्ल्या आजीच्या कमरेला असत आणि त्यांच्या शब्दावाचून घरचे कार्य ठरत नसे. त्यांची सुरक्षितता बँकेच्या पासबुकात नव्हती. ती घरातील त्यांच्या स्थानात होती. शिवाय ते म्हातारपण तुलनेने अल्पकाळाचे होते. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आता ते सत्तरच्या घरात आहे. २०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटी ३८ लाख भरली. साठी गाठलेल्या माणसाने पुढे आणखी सतरा-अठरा वर्षे जगणे ही आज सरासरीची गोष्ट आहे. म्हणजे निवृत्ती हा आयुष्याचा शेवट राहिला नसून जवळजवळ नोकरीच्या अर्ध्या काळाइतका तो एक नवा टप्पा झाला आहे.

व्यवस्था बदलली, आयुष्य लांबले, घरातील अधिकार संपला. पण सर्वस्व देऊन मोकळे होण्याची सवय मात्र तशीच उरली. आजच्या ज्येष्ठांच्या अनेक दु:खांचे मूळ या विसंगतीत आहे.

मामांचे मौन

याच मावशीचे थोरले बंधू, म्हणजे माझे मामा. सांगलीजवळच्या एका कारखान्यात त्यांनी कारकुनी केली. २००८ साली निवृत्त होताना फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून जे काही हाती आले, ते त्यांनी जसेच्या तसे मुलाच्या पुण्यातील सदनिकेसाठी दिले. "मला एकट्याला काय लागते?" हे त्यांचे वाक्य मला आजही आठवते. सदनिका मुलगा आणि सून यांच्या नावे झाली. त्यात गैर काहीच नव्हते. कर्जही त्यांच्याच नावे होते. मामांना भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतील निवृत्तिवेतन मिळते. २०१४ साली त्या योजनेतील किमान रक्कम दरमहा १ हजार रुपये ठरविण्यात आली, यावरून त्या वेतनाची कल्पना यावी.

मामांना कीर्तनाचे विलक्षण वेड. गेली चार-पाच वर्षे त्यांना नीट ऐकू येत नव्हते. तरीही ते देवळात जाऊन खांबाला टेकून बसत आणि बुवांच्या ओठांकडे पाहत राहत. श्रवणयंत्र हवे हे त्यांना ठाऊक होते, किंमतही त्यांनी विचारून ठेवली होती. पण मुलाच्या घराचा हप्ता, नातीचे महाविद्यालय हे सारे समोर दिसत असताना ते मागणार कसे? मुलगा वाईट मुळीच नाही. वडिलांनी सांगितले असते तर त्याने उसने काढूनही यंत्र आणले असते. त्याला वाटले, बाबा हल्ली अबोल झाले. मामांना मागता आले नाही आणि मुलाला कळले नाही. एवढीच ती शोकांतिका. पण पाच वर्षे एक माणूस घरातल्या बोलण्याला पारखा झाला.

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. निवृत्त झालेले गणपतराव बेलवलकर आपली सारी मिळकत मुलांत वाटून टाकतात आणि पुढे त्यांच्याच घरी उपरे होतात. अर्धशतकाहून अधिक काळ मराठी प्रेक्षक डोळे पुसत नाट्यगृहाबाहेर पडत आला. त्याने बोध घेतला तो मुलांच्या कृतघ्नतेचा. देणाऱ्यानेही देताना काही राखायचे असते, हा त्यातला दुसरा बोध मात्र आपण सोयीस्करपणे नाट्यगृहातच ठेवून आलो. मामांच्या घरी कृतघ्न कोणीच नव्हते, तरीही परिणाम फारसा वेगळा झाला नाही.

परंपरा काय सांगते?

स्वत:साठी पैसा राखणे म्हणजे पाश्चात्त्य व्यक्तिवाद, असा एक समज आपल्याकडे आहे. वस्तुत: आपल्या परंपरेने संसारातून मन काढून घ्यायला सांगितले, मुलांच्या दारी याचक व्हायला सांगितले नाही. वानप्रस्थाची कल्पना आसक्ती सोडण्याची आहे, पराधीन होण्याची नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीत वाटणीचे नियम आहेत. पिता हयातीत पुत्रांना समान वाटे देत असेल, तर ज्या पत्नीला स्त्रीधन मिळालेले नाही तिलाही पुत्राइतका वाटा द्यावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे मुलांना देताना घरच्या गृहिणीच्या उत्तरायुष्याची तरतूद आधी पाहावी, हा विचार आपल्या धर्मशास्त्राला नवा नाही. आपणच तो विसरलो. आजही कित्येक घरांत निवृत्तीच्या पैशाचा निर्णय होताना, ज्या माउलीने चाळीस वर्षे तो संसार ओढला तिला कोणी विचारीतही नाही. पतीच्या पश्चात तिच्या नावे काय उरेल, हा प्रश्न अशुभ म्हणून टाळला जातो. त्या टाळण्याची किंमत मात्र तिलाच मोजावी लागते.

आधुनिक कायद्यानेही हीच काळजी वाहिली आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली केंद्राने कायदा केला. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर ते हस्तांतर रद्द करून घेण्याचा मार्ग त्याच्या कलम २३ मध्ये आहे. तथापि अशी अट घातलेली होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने, कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताने उदारपणे लावावा, असे म्हणत मध्य प्रदेशातील एका मातेचे बक्षीसपत्र रद्द ठरविले आणि घराचा ताबा तिला परत देण्याचा आदेश दिला. तिला न्याय मिळाला, हे खरे; पण आईला मुलाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, यात कोणाचा विजय मानायचा?

याउलट, देणे किती सोपे झाले आहे पाहा. महाराष्ट्रात २०१५ साली राहते घर वा शेतजमीन मुला-नातवंडांना बक्षीस देण्यासाठीचे मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये करण्यात आले. एका दुपारी जन्माची कमाई हस्तांतरित होते. मृत्युपत्र मात्र आपल्या मृत्यूनंतरच अमलात येते, हयातीत कितीदाही बदलता येते, त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीची सक्तीही नाही. दोन साक्षीदार पुरतात. मग बक्षीसपत्राची घाई कशासाठी? ही मुलांवर अविश्वास दाखविण्याची गोष्ट नव्हे. नात्याची परीक्षा घेण्याची वेळच येऊ नये, यासाठी बाळगलेला तो विवेक आहे.

मौज आणि कर्तव्य

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ‘आता स्वत:साठी जगा’ असे म्हणत ज्येष्ठांच्या खिशाकडे पाहणारी एक मोठी बाजारपेठ अलीकडे उभी राहिली आहे. दरवर्षी नवा परदेश, दर महिन्याला नवी हौस आणि शेजारी मुलीच्या संसारावर आजारपणाची कुऱ्हाड कोसळली असता "आम्ही आमचे कर्तव्य केले" असे म्हणून हात झटकणे, हेही आपल्याला शोभणारे नाही. संकटात सापडलेल्या मुलाला, विधवा झालेल्या सुनेला, अपंग नातवाला आधार देणे हा धर्मच आहे. तेथे परिक्रमाही पुढे ढकलावी. पण संकट आणि सोय यांत फरक आहे. नोकरी गेली हे संकट. मोठी गाडी हवी ही सोय. सोयीसाठी आई-वडिलांच्या औषधाचा पैसा मागणे आणि संकोचापोटी तो देणे, दोन्ही चूक.

मदत केवळ पैशाचीच असते असेही नाही. नातवंडे सांभाळण्यासाठी गाव सोडून पुण्या-मुंबईच्या सदनिकेत येऊन राहिलेले, सुनेच्या वा मुलीच्या बाळंतपणासाठी सहा-सहा महिने अमेरिकेत जाऊन थंडीत घराबाहेर न पडता दिवस काढणारे आजी-आजोबा हे जे देतात, त्याचा हिशेब कोणत्या वहीत मांडला जातो? एवढे दिल्यावर आजीने चार पैसे आपल्या आवडीसाठी खर्च केले, तर त्याला स्वार्थ म्हणणे हा अन्याय आहे.

म्हणून मला क्रम सुचतो तो असा. पहिला वाटा निवाऱ्याचा आणि प्रकृतीचा. राहते घर दोघांपैकी शेवटचा असेपर्यंत आपल्या नावे राहावे. सत्तरी पार केलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले, हे स्वागतार्हच. परंतु ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. रोजच्या गोळ्या, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, सोबतीला ठेवलेली बाई यांचा खर्च आपल्यालाच करायचा असतो. दुसरा वाटा स्वत:च्या आनंदाचा: यात्रा, पुस्तके, गाणे, जे जे राहून गेले ते. आयुष्यभर ज्या सेवाकार्याला वेळ देता आला नाही त्याला दिलेला पैसाही याच वाट्यातला. यानंतर जे उरेल ते मुलाबाळांना मोकळ्या हाताने द्यावे आणि शक्यतो हयातीत द्यावे, म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहता येईल. आणि हे सारे एकदा घरात सर्वांना बसवून स्पष्ट शब्दांत सांगावे. अबोला हा आपल्या घरांचा खरा शत्रू आहे.

या क्रमात मुलांचे नुकसान नाही. उलट हितच आहे. आज सर्वस्व देऊन टाकणारे आई-वडील उद्या प्रत्येक गोष्टीसाठी मुलांवरच अवलंबून राहतात. ते दान नव्हे. मुलांच्याच भविष्यावर काढलेली ती उचल होय. आंब्याच्या झाडाची फळे साऱ्या आळीला वाटावीत. पण झाडच तोडून दिले, तर पुढच्या वैशाखात ना सावली, ना फळ.

मावशी परिक्रमा करून फाल्गुनात परतली. उन्हाने काळवंडलेली, पण प्रसन्न. प्रत्येकाच्या घरी तिने नर्मदेच्या पाण्याची लहानशी कुपी पोहोचवली. मामांच्या घरी मात्र ती दोन दिवस राहिली, त्यांना हाताला धरून कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि स्वत:च्या पैशाने यंत्र घेऊन दिले. भाच्याला वाईट वाटले, तो पैसे देऊ लागला, तेव्हा म्हणाली, "राहू दे. दादाने माझ्या डी.एड.ची फी भरली होती."

परवा मामांचा दूरध्वनी आला. चैत्रात गावी कीर्तनसप्ताह आहे, ये म्हणाले. आणि पलीकडून, कित्येक वर्षांनी, मी जे बोललो त्याचेच उत्तर आले.

त्या दिवशी गाडीत जो मावशीला स्वार्थी म्हणाला होता, त्याला मी हे आवर्जून कळविले आहे. आपापल्या घरातील ज्येष्ठांना, "तुम्हाला स्वत:साठी काय हवे आहे?" असे वाचकांनीही एकदा विचारून पाहावे. पहिले उत्तर "काही नको" असेच येईल. तेथे थांबू नये, पुन्हा विचारावे.