रणगाड्यांचा ‘खरा रंग’ आणि आपली खोटी खात्री

१/१४
मॉस्कोच्या आघाडीवरील मटिल्डा रणगाड्याचे कृष्णधवल छायाचित्र. यंत्राने त्यावर गर्द हिरवा रंग चढवला आणि खाली ओळ आली : ‘इतिहासाचा खरा रंग’. अशी चित्रे रोज फिरतात आणि इतिहासप्रेमी मित्रही ती पुरावा म्हणून पुढे धाडतात. या सवयीला माझा स्पष्ट विरोध आहे. त्याची कारणे या धाग्यात मांडतो.

२/१४
प्रतिपक्षाचा तर्क असा : लाल सेनेचे रणगाडे हिरवे असत, ब्रिटिश रणगाडे लाल सेनेला मिळाले, म्हणून तेही हिरवेच झाले. तर्क नीटनेटका आहे, उणीव फक्त पुराव्याची आहे. वस्तुतः या रणगाड्यांना ‘एक’ असा रंग नव्हताच.

३/१४
थोडी पार्श्वभूमी. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. ब्रिटनने आर्क्टिक समुद्रमार्गे मदत धाडण्यास आरंभ केला. ‘पीक्यू-१’ हा जहाजांचा तांडा ११ ऑक्टोबर १९४१ रोजी अर्खांगेल्स्कला पोहोचला. त्यात २० रणगाडे होते.

४/१४
युद्धकाळात ब्रिटन व कॅनडा यांनी मिळून पाच हजारांहून अधिक रणगाडे रवाना केले. त्यांत १,०८४ मटिल्डा आणि ३,७८२ व्हॅलेंटाइन होते. व्हॅलेंटाइनपैकी १,३८८ कॅनडात तयार झालेले. शिवाय काहीशे चर्चिल. इतक्या वर्षांत, इतक्या कारखान्यांतून निघालेल्या या ताफ्याला एकच रंग कसा असेल?

५/१४
आता तारखा पाहा. १९४१ मध्ये ब्रिटिश भूदलाचा मूळ रंग होता ‘खाकी ग्रीन नंबर ३’, म्हणजे मळकट हिरवा. मे १९४२ च्या आदेशाने मूळ रंग ठरला ‘एस.सी.सी. २’, म्हणजे चक्क तपकिरी! कारण व्यावहारिक होते : हिरव्या रंगासाठी लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडचा तुटवडा. १९४४ मध्ये पुन्हा बदल झाला आणि ‘ऑलिव्ह ड्रॅब’ आला.

६/१४
म्हणजे १९४१ च्या शरद ऋतूतील व्हॅलेंटाइन आणि १९४३ चा व्हॅलेंटाइन हे कारखान्यातूनच वेगवेगळ्या रंगांत निघालेले असू शकतात. त्यातही आदेश निघाला म्हणून गोदामातले जुने डबे त्याच रात्री रिकामे होत नाहीत. आदेशाची तारीख आणि ब्रशची तारीख यांत अंतर असते.

७/१४
‘पण रशियात पोहोचताच त्यांना सोव्हिएत हिरवा रंग, तो प्रसिद्ध ४बीओ, दिला असेल ना?’ काहींना निश्चित दिला असेल, विशेषतः मोठ्या दुरुस्तीच्या वेळी. पण सर्वांना, आणि उतरताक्षणीच? ऑक्टोबरमध्ये बंदरात, मग कझानला चालकांचे घाईचे प्रशिक्षण, आणि नोव्हेंबरमध्ये मॉस्कोच्या आघाडीवर प्रत्यक्ष लढाई! शत्रू राजधानीच्या दाराशी असताना रंगकामाला प्राधान्य कोण देईल?

८/१४
याला छायाचित्रांचाही आधार आहे. लाल सेनेच्या अनेक मटिल्डा व व्हॅलेंटाइन रणगाड्यांवर ‘टी’ अक्षराने सुरू होणारा ब्रिटिश नोंदणी क्रमांक तसाच दिसतो. सरसकट रंग फासला असता तर तो झाकला गेला असता. ‘क्रमांक सोडून भोवती रंगवले असेल’ हा आक्षेप रास्त आहे. पण मग तो त्या विशिष्ट रणगाड्यापुरता सिद्ध करावा लागेल.

९/१४
हिवाळ्याने गुंता आणखी वाढवला. बर्फात लपण्यासाठी रणगाड्यांवर पांढरा चुना वा खडूचे मिश्रण फासत. ते पाऊसपाण्याने, घासटीने उतरे आणि खालचा रंग डोकावे. अशा डागाळलेल्या पृष्ठभागावर यंत्र कोणत्या अधिकाराने ‘खरा रंग’ भरते?

१०/१४
कृष्णधवल फिल्म रंग सांगत नाही, फक्त उजेड-अंधार सांगते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे तांबूस छटा त्यात काळपट येतात. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर त्याच छटा निराळ्या उमटतात. तपकिरी आणि हिरवा एकाच करड्या रंगात विरघळू शकतात. यंत्र ही माहिती ‘शोधत’ नाही. ते अंदाज करते, आणि आपण त्या अंदाजाला साक्षीदार मानतो.

११/१४
संग्रहालयांबाबतही हेच भान हवे. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात मटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल तिन्ही पाहता येतात, अवश्य पाहा. पण उघड्यावर ठेवलेल्या कोणत्याही रणगाड्याला वेळोवेळी नवा रंग द्यावाच लागतो. वरचा थर संग्रहालयाच्या देखभालीचा पुरावा असतो, १९४२ चा नव्हे. साक्ष असलीच तर ती खालच्या थरांत.

१२/१४
‘रंगासाठी एवढा वाद कशाला?’ कारण रंग पुसला की उगमही पुसला जातो. सोव्हिएत नियोजनप्रमुख वोझ्नेसेन्स्की यांनी युद्धोत्तर ग्रंथात मित्रराष्ट्रांची मदत देशी उत्पादनाच्या जेमतेम ४ टक्के ठरवली. याउलट इतिहासकार अलेक्झांडर हिल यांच्या अंदाजानुसार, डिसेंबर १९४१ च्या आरंभी मॉस्कोसमोरील मध्यम व अवजड रणगाड्यांत ३० ते ४० टक्के ब्रिटिश होते. एकूण सरासरीत त्या एका हिवाळ्याची निकड लपते.

१३/१४
याचा अर्थ ‘ब्रिटनने मॉस्को वाचवले’ असाही नव्हे. त्या रणगाड्यांत बसून लढले आणि जळाले ते सोव्हिएत सैनिकच. आणि ते रणगाडे पोहोचवताना समुद्रात बुडाले ते खलाशी : जुलै १९४२ मध्ये एकट्या ‘पीक्यू-१७’ तांड्याची २४ व्यापारी जहाजे बुडाली, सोबत ४३० रणगाडे. ब्रिटिश क्रमांक असलेल्या रणगाड्यात बसलेला सोव्हिएत सैनिक, हे चित्र दोन्ही बाजूंच्या राष्ट्राभिमानाला अडचणीचे आहे. म्हणूनच ते जसेच्या तसे जपले पाहिजे.

१४/१४
तेव्हा मागणी साधी आहे. रंगवलेले चित्र पुढे धाडताना ‘रंग अनुमानित’ हे दोन शब्द लिहा आणि मूळ कृष्णधवल चित्र सोबत जोडा. कोणी ‘खरा रंग’ म्हणाले की तीन प्रश्न विचारा : वर्ष कोणते, कारखाना कोणता, क्रमांक दिसतो का? उत्तर नसेल तर करडा रंग करडाच राहू द्या. धागा समाप्त.