१८६४ साल : मिस्टिक फॉल्समधले आणि मुंबईतले

थ्रेड. विषय व्हॅम्पायरचा आहे. तरी इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी शेवटपर्यंत वाचावा.

'द व्हॅम्पायर डायरीज'चा पहिला सीझन आपण गांभीर्याने पाहिला पाहिजे, असे मी दादरच्या कट्ट्यावर म्हटले तेव्हा मित्रांना ती थट्टा वाटली. सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्याच भागात इतिहासाचा तास आहे. अमेरिकन यादवी युद्धात गावात झालेल्या लढाईत किती माणसे मेली, असे शिक्षक विचारतात. वर्गात नवा आलेला स्टीफन आकडा सांगतो, मारल्या गेलेल्या सामान्य नागरिकांची वेगळी संख्या देतो आणि गावच्या अभिलेखांत हे सारे आहे, तेवढे वाचून घ्या, असे शिक्षकांनाच सुचवतो. पुराव्याच्या बळावर अधिकाराला गप्प करणारा नायक! आपल्यापैकी कोणाला तो आवडणार नाही?

माझी तक्रार नेमकी इथे सुरू होते.

कारण ज्या मालिकेचा नायक अभिलेखांची शपथ घेतो, तिला स्वतःच्या भूतकाळात डोकावण्याचे धैर्य नाही. कथेचा भूतकाळ १८६४चा आहे आणि स्थळ व्हर्जिनिया. साल्वाटोरे बंधूंची हवेली, हिरवळीवरचे खेळ, घेरदार झगे, मेणबत्त्यांच्या उजेडातले नृत्य. थोरला डेमन दक्षिणेच्या सैन्यातून परतलेला. ते सैन्य आपण तत्त्वासाठी सोडले, असे तो बापाला ऐकवतो. ते तत्त्व कोणते, यावर मालिका क्षणभरही रेंगाळत नाही. १८६०च्या जनगणनेनुसार एकट्या व्हर्जिनियात सुमारे ४ लाख ९० हजार माणसे गुलाम होती. अमेरिकेच्या कोणत्याही राज्यातील ती सर्वांत मोठी संख्या. बावीस भागांच्या या सीझनमध्ये त्यांच्यासाठी जागा किती? एमिली बेनेट ही कृष्णवर्णीय स्त्री दिसते खरी, पण ती कॅथरीनची 'दासी' म्हणून. शब्द किती सोज्ज्वळ निवडला आहे पाहा. सीझनअखेर सारे गाव संस्थापक घराण्यांचा उत्सव करते आणि मुली १८६४चे पोशाख घालून मिरवणुकीत उभ्या राहतात. गावात माणसांचे रक्त पिणारे कोण, याचा शोध बावीस भाग चालतो, आणि ती हवेली कोणाच्या घामावर उभी होती हा प्रश्न कोणाच्याच मनात येत नाही.

'अरे, ही कल्पित कथा आहे, तिच्याकडून एवढी अपेक्षा कशाला?' हा युक्तिवाद मला मान्य नाही. कल्पनेला हे ओझे पेलवते, हे याच मालिकेतून निघालेल्या 'द ओरिजिनल्स'ने (२०१३) दाखवले. तिथला मार्सेल गुलामगिरीत जन्मलेला आहे आणि कथा ते लपवत नाही. म्हणजे अडचण प्रकाराची नव्हती, इच्छेची होती.

आता मुंबईकडे वळू, कारण १८६४ हे साल आपल्याही घरातले आहे.

१८६१ मध्ये युद्ध पेटले आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस तोवर त्याच बंदरांतून, गुलामांच्या हातांनी वेचलेला, येत असे. तो थांबताच मुंबईच्या कापसाचे भाव कडाडले. सोन्याचांदीचा ओघ लागला, रोज नव्या कंपन्या निघाल्या, बॅक बेमध्ये समुद्र हटवण्याच्या योजनेचे शेअर मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले गेले. मुंबईची पहिली जनगणना १८६४चीच; तिच्यात शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. एप्रिल १८६५ मध्ये जनरल लीने शरणागती पत्करली, भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरताच शहराचे दिवाळे वाजले. १८७२च्या मोजणीत लोकसंख्या ६,४४,४०५ वर आली होती. दिनशा वाच्छा यांनी या उन्मादावर १९१० मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. जिज्ञासूंनी ते शोधावे.

थोडक्यात, डेमन ज्या युद्धातून घरी परतला, ते जितके लांबेल तितके मुंबईच्या व्यापाऱ्याचे उखळ पांढरे होत होते. (उखळ आपल्याही स्वयंपाकघरातलेच.)

आणि आपण ही गोष्ट कशी सांगतो? दक्षिण मुंबईच्या हेरिटेज वॉकमध्ये राजाबाई टॉवरखाली उभे राहून आपण ऐकतो की कापसाचे राजे प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आईचे नाव दिले. गोष्ट खरी आहे, हृद्य आहे. पण तो पैसा ज्या युद्धाच्या सावलीत उगवला, त्याचे नावही निघत नाही. घेरदार झगे नाहीत, एवढाच काय तो फरक. पुढे परळ-लालबागला गिरण्या वाढल्या आणि त्यांत राबणाऱ्यांच्या वाट्यालाही तेच आले. माझे आजोबा लालबागला साचेखात्यात होते. आज लोअर परळच्या फिनिक्स मिलची चिमणी मॉलची शोभा म्हणून उभी आहे, तिच्यासमोर सेल्फी निघतात. बंद पडलेल्या कुलाब्याच्या मुकेश मिलमध्ये भुतांच्या सिनेमांचे चित्रीकरण होते. कामगार गेला आणि त्याच्या जागी भूत आले, तेही तिकीट लावून. मार्क्सने १८६७ मध्ये भांडवलाला व्हॅम्पायरची उपमा दिली होती. आपल्याकडे मात्र ज्याचे रक्त गेले तोच भूत ठरला.

हा संबंध त्या काळी दिसणे अशक्य होते, असेही नाही. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. युद्ध संपून अवघी आठ वर्षे झाली होती. पुण्यात बसलेल्या माणसाला त्या युद्धाचा गाभा कळला होता. २००९ मध्ये अमेरिकेत बसून ज्यांनी हा सीझन लिहिला, त्यांना तो कळला नाही, हे मी मानायला तयार नाही. त्यांनी तो बाजूला ठेवला.

मालिका पाहू नका, असे मी म्हणत नाही. मी स्वतः ती दोनदा पाहिली आहे आणि डेमनच्या विनोदांना हसलोही आहे. पण पहिल्या भागातला स्टीफनचा सल्ला त्याच्याच कथेला लावून पाहा, आणि पुढच्या रविवारी राजाबाई टॉवरखाली कोणी कापसाच्या राजाची गोष्ट सांगू लागले, तर विचारा : १८६१च्या आधी लँकेशायरचा कापूस कोण वेचत होते?