कोंबडी कंपनीची, कर्ज आमचे



लातूरच्या बाजारात आमचे सोयाबीन विकले जाते. त्याची पेंड होते, पेंडीचे खाद्य होते आणि ते कंपनीच्या गाडीतून पुन्हा आमच्याच शेडवर येते. सोयाबीन विकताना निदान सौदा डोळ्यांदेखत होतो आणि भाव पडला तर हमीभाव (2025-26 मध्ये क्विंटलला 5,328 रुपये होता) दाखवून भांडता येते. करारावर ब्रॉयलर सांभाळणाऱ्याला तेवढेही नाही.

अहमदपूर तालुक्यात माझे पाच हजार पक्ष्यांचे शेड आहे. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी, तूस, मजुरी आणि बँकेचा हप्ता माझा. पक्षी कधी उचलायचे, कोणाला विकायचे, हे कंपनी ठरवते. मला किलोमागे ग्रोइंग चार्ज मिळतो. तो ठरतो एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला किती खाद्य लागले, आणि मर किती झाली यावर. नीट सांभाळेल त्याला जास्त, हे ऐकायला बरे वाटते. पण पिल्लू अशक्त आले किंवा खाद्य हलके निघाले, तरी एफसीआर बिघडतो तो माझाच. दोन किलोचा पक्षी धरला तर एका बॅचचे दहा हजार किलो होतात. किलोमागे एक रुपया कापला की दहा हजार रुपये गेले.

गेल्या उन्हाळ्यात पक्ष्यांची उचल आठ दिवस लांबली. तेवढे दिवस पक्षी खात राहिले, उकाड्याने मरत राहिले. हिशेबात ते खाद्य आणि ती मर दोन्ही माझ्या नावावर पडली. करारनामा इंग्रजीत आहे. त्याची प्रत मागितली, तर सुपरवायझरने विचारले, ‘पुढची बॅच पाहिजे ना?’

कंपन्या म्हणतात, बाजाराची जोखीम आम्ही घेतो. ते खोटे नाही. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये करोनाच्या अफवेने कोंबडीला कोणी विचारेना, तेव्हा स्वतःच्या पैशाने पक्षी पाळणारे बुडाले. पण जोखीम भावाचीच असते असे नाही. जानेवारी 2025 मध्ये उदगीरला बर्ड फ्लूने कावळे मेले. अशा वेळी कंपनी पिल्ले टाकायची थांबू शकते, बँकेचा हप्ता थांबत नाही. शेडमध्ये कोंबडीशिवाय दुसरे काही पिकत नाही आणि पिल्ले देणाऱ्या कंपन्या बोटावर मोजण्याइतक्या. मग अट नाकारायची कोणाच्या जिवावर?

शेजारचा ऊसवाला पाहा. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने त्याला 14 दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास 15 टक्के व्याज मिळण्याचा हक्क आहे. कारखाने तो आदेश नेहमी पाळत नाहीत, पण भांडायला हातात कागद आहे. कोंबडीवाल्याकडे तोही नाही. केंद्राने 2018 मध्ये करारशेतीचा आदर्श कायदा राज्यांपुढे ठेवला. त्याच्या नावातच ‘पशुधन’ आहे. तमिळनाडूने 2019 मध्ये पशुधनासह तसा कायदा केला. अमेरिकेसारख्या खुल्या बाजारपेठेच्या देशातही कोंबडी कंपन्यांना फेब्रुवारी 2024 पासून कराराची माहिती शेतकऱ्यापुढे उघड करावी लागते. तिथे त्याने धंदा बुडाला नाही.

आमच्या मागण्या फार नाहीत. करार मराठीत असावा आणि प्रत शेतकऱ्याच्या हाती यावी. पिल्लांचे वजन आणि खाद्याचा नमुना शेडवरच, दोघांच्या सहीने घ्यावा. कंपनीमुळे उचल लांबली, तर त्या दिवसांचे खाद्य व मर कंपनीच्या खाती धरावी. पक्षी उचलल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळावेत. तक्रारीसाठी मुंबईची वारी नको, प्रांताधिकारी पुरे.

सोयाबीन आणि उसावर सभागृह दणाणून सोडणाऱ्या नांदेड-लातूरच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात असा कायदा मागावा. त्याआधी एकदा आमच्या शेडवर येऊन एका बॅचचा हिशेब वाचावा.

एक कुक्कुटपालक,
अहमदपूर (जि. लातूर)