एक निवडा

भाद्रपदात दोन दिवस आजोळी गेले होते. आजोळ म्हणजे राळेगणसिद्धी, तालुका पारनेर. हे नाव उच्चारले की ऐकणारा ताबडतोब अण्णा हजाऱ्यांची चौकशी करतो, मग पाणलोटाची, मग नालाबांधांची. आमच्या मामींची चौकशी आजपर्यंत कोणी केलेली नाही. तेव्हा या दिवाळीला आरंभ त्यांच्यापासूनच करते.

मामा जाऊन वर्ष होत आले. वारसनोंद झाली, फेरफार झाला, आता सातबाऱ्यावर नाव चढेल, असे मामींना तलाठ्याने सांगितले होते. ते चढले की नाही, एवढेच त्यांना बघायचे होते.

"कॉलेजात शिकवतीस ना? मग तेवढं मोबाइलवर काढून दे."

मराठीच्या अध्यापिकेचा आणि सातबाऱ्याचा संबंध काय, हे मामींना विचारण्याची सोय नव्हती. ओसरीवर बसलो. सरकारचे भूलेख नावाचे संकेतस्थळ उघडले. पडद्यावर चौकोन आला, आणि चौकोनाच्या उजव्या कडेला खाली तोंड केलेला इवलासा बाण. बाणावर बोट ठेवताच चौकोनाखाली जिल्ह्यांची लांबलचक यादी सुटली.

"आली बाई, फडताळातनं भांडी यावीत तशी!" मामी म्हणाल्या.

या वस्तूला संगणकाच्या दुनियेत 'ड्रॉपडाउन' म्हणतात. मी तिला उतरती यादी म्हणते. वाचकांना दुसरे बरे नाव सुचल्यास अवश्य कळवावे. मामींचे 'फडताळ'सुद्धा वाईट नाही.

सवयीने मी अहमदनगर शोधू लागले. ते कसे सापडणार? ऑक्टोबर 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पण यादीपुरते आमचे नशीब चांगले. दोन्ही नावे 'अह'नेच सुरू होतात, त्यामुळे अकोला, अमरावतीच्या खालची आमची जागा हलली नाही. छत्रपती संभाजीनगरवाल्यांना 2023 साली 'औ'वरून थेट 'छ'पर्यंत बिऱ्हाड न्यावे लागले! जिल्हा निवडला, तेव्हा कुठे तालुक्यांची यादी जागी झाली. आमचे 14 तालुके, त्यांतून पारनेर. मग गावांची यादी. तीत खाली खाली जात अंगठा टेकला 'राळेगण'वर. गट क्रमांक घातला, उतारा समोर आला.

त्यावर कोणा भलत्याच गृहस्थाचे नाव होते.

मामी काही बोलल्या नाहीत. पदर सावरला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हा कोण गं आपल्या वावरात?"

माझे हातपाय गार पडले. जमिनीच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात, त्या सगळ्या क्षणात आठवतात. पाच मिनिटांनी उलगडा झाला. पारनेर तालुक्यात राळेगणे दोन आहेत, राळेगण थेरपाळ आणि राळेगण सिद्धी. यादीत ती शेजारी शेजारी होती आणि माझा अंगठा थेरपाळवर पडला होता. गाव बदलताच मामींचे नाव आले, ठळक, शुद्धलेखनासह. मामींनी देवापुढे साखर ठेवली. मी पाणी मागून प्याले.

मी दिलगिरी दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझी काय चूक? दोघी बहिणी एका लुगड्यात उभ्या केल्यावर कोन वळखील?" यादी रचणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर लावावे.

ही यादी आली कुठून? आपण ज्या कंपनीच्या नावाने कागदाच्या नकलेला 'झेरॉक्स' म्हणतो, तिची अमेरिकेत पालो आल्टो येथे एक प्रयोगशाळा होती. तेथे 1970 नंतरच्या दशकात पडद्यावर बाण जेथे असेल तेथेच यादी उगवावी अशी सोय झाली. मग ॲपल कंपनीच्या बिल ॲटकिन्सन यांनी 'लिसा' या संगणकासाठी यादीला पक्की जागा दिली. नावे पडद्याच्या माथ्यावर एका पट्टीत कायम दिसावीत, माउसचे बटन दाबले की यादी खाली उतरावी, सोडले की मिटून जावी. लिसा 1983 साली बाजारात आली, किंमत 9,995 डॉलर. ती फारशी खपली नाही, पण यादी मात्र तिच्या धाकट्या भावंडाबरोबर, 1984 च्या मॅकिन्टॉशबरोबर, जगभर गेली. पुढे इंटरनेटवर पाने लिहिण्याची जी भाषा, एचटीएमएल, तिच्या 1995 सालच्या नियमावलीत 'सिलेक्ट' आणि 'ऑप्शन' हे दोन शब्द दाखल झाले. अर्जाअर्जांतून आज आपल्यावर सुटणाऱ्या याद्या पुष्कळशा त्यांच्याच पोटच्या. ॲटकिन्सन जून 2025 मध्ये वारले.

कल्पना गोड आहे यात शंका नाही. पूर्वी हॉटेलातला पोऱ्या टेबलाशी येऊन एका दमात भजी, मिसळ, शिरा, उप्पीट म्हणून टाकी. ऐकून होईतो पहिला पदार्थ आपण विसरलेलो असायचो. येथे तसे नाही. यादी गुपचूप मिटलेली असते, हवी तेव्हा उघडते, जागा अडवीत नाही. शिवाय शुद्धलेखनाच्या चुका टळतात. राळेगणसिद्धी, राळेगण सिद्धी, राळेगण-शिंदी अशी एकाच गावाची तीन गावे होत नाहीत.

हे मला एवढे ठाऊक असण्याचे कारण थोडे लाजिरवाणे आहे. यंदा जुलैमध्ये आमच्या महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर भरून घ्यावयाची ठरले. मराठीतून अर्ज करावयाचा म्हणून याद्या तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. संगणक विभागातल्या तरुण सहकाऱ्याने पान रचले. त्याच्या शेजारी बसून मी बरेच शिकले. प्रत्येक ओळीला दोन नावे द्यावी लागतात: एक दिसणारे, एक आतले. माणूस वाचतो ते दिसणारे, संगणक जपून ठेवतो ते आतले, बहुधा एखादा आकडा. त्यामुळे जिल्ह्याचे नाव बदलले तरी आकडा तोच ठेवता येतो. दारावरची पाटी नवी, घर क्रमांक जुना. तालुका निवडल्याशिवाय गावांची यादी मिटलेली, फिकट ठेवावयाची, हीही त्याचीच शिकवण. दोन-तीनच पर्याय असतील तर यादी करूच नये, ते सरळ उघडे मांडावेत, गोल टिंब पुढे ठेवून. लपवायला काही नसताना पडदा कशाला?

एका ठिकाणी मात्र मी त्याची शिकवणी घेतली. गावांची नावे त्याने संगणकाकडून अकारविल्हे लावून घेतली होती. पाहते तो वाघुंडे, वाडेगव्हाण, वाळकी, वासुंदे! 'वाळकी' 'वासुंदे'च्या आधी? आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'च्या नंतर येतो. पहिलीतल्या पोरालाही हे पाठ असते. परंतु संगणकाच्या युनिकोड नावाच्या अक्षरकोष्टकात तो 'ल'ला चिकटून, 'व'च्या आधी बसवला आहे. भारतातल्या सगळ्या लिप्या एका मापाच्या कप्प्यांत बसवण्याच्या जुन्या सरकारी मांडणीवरून ते कोष्टक आलेले. मराठी क्रम लावता येतो, पण तो लाव म्हणून संगणकाला सांगावे लागते. मी सांगायला लावले. 'वाळकी' शेवटी गेली आणि मला उगाचच 'ळ'ला न्याय मिळवून दिल्यासारखे वाटले. त्या आनंदात खालची यादी मी नीट पाहिली नाही.

ती होती 'आईचा व्यवसाय'. गृहिणी, शेती, नोकरी, व्यापार, मजुरी. मीच दिलेली, मीच लावलेली. 'गृहिणी' पहिली का? सुचली म्हणून.

ऑगस्टमध्ये माहिती जमा झाली. जवळजवळ सगळ्या आया गृहिणी निघाल्या. मला आश्चर्य वाटले नाही. उलट वार्षिक अहवालासाठी मी एक परिच्छेदही लिहून ठेवला, ग्रामीण भागातील स्त्री अजूनही चूल-मुलातच कशी अडकली आहे इत्यादी. बरा साधला होता. तो छापला गेला असता.

तेवढ्यात एक विद्यार्थिनी आली. राळेगणसिद्धीचीच. फॉर्मची छापील प्रत हातात.

"मॅडम, यात आईचं चुकलंय."

"तूच भरलंस ना?"

"नाही मॅडम. ते आधीच भरलेलं होतं. मला वाटलं, कॉलेजनंच भरलंय."

ही या यादीची खोड. रचणाऱ्याने दुसरे काही सांगितले नाही, तर मिटलेल्या चौकोनात पहिली ओळ आपोआप दिसते. ज्याने यादी उघडलीच नाही, त्याचे उत्तर म्हणून तीच ओळ जाते. कोणी न विचारता, कोणी न सांगता. तिची आई पहाटे उठून गायींची धार काढते, दूध डेअरीवर घालते, कांद्याच्या वावरात दिवसभर राबते, आणि संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाक करते. माझ्या पहिल्या ओळीने त्यातला स्वयंपाक तेवढा ठेवून घेतला होता. मुलगी चिडली नव्हती. तिला फक्त कागद दुरुस्त करून हवा होता, शुल्कसवलतीच्या अर्जाला जोडायला.

कागदाच्या अर्जात याच जागी एक रेघ असे. ती रिकामी. तिच्यावर माणूस काय वाटेल ते लिही, अक्षर वेडेवाकडे, शुद्धलेखन रामभरोसे, पण लिहिणारा तो. रिकामी रेघ रिकामी राहिली, तर न भरल्याचे दिसत तरी होते.

राळेगणहून परतताना मला एक गोष्ट आठवत राहिली. माहितीच्या अधिकारासाठी अण्णा हजाऱ्यांनी महाराष्ट्रात उपोषणे केली. देशाचा कायदा 2005 साली आला. त्याच्या सहाव्या कलमात दोन फार माणुसकीच्या सोयी आहेत. अर्ज भलत्याच कार्यालयात गेला, तर त्या कार्यालयाने तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी धाडावयाचा. अर्जदाराला हेलपाटा नाही. आणि ज्याला लिहिता येत नाही, त्याचे तोंडी बोलणे कागदावर उतरवायला अधिकाऱ्याने मदत करावयाची. माणूस चुकणार, अडखळणार, हे त्या कलमाने गृहीत धरले आहे. माझ्या यादीने तसे काहीही गृहीत धरले नव्हते. तिच्या मते माणसे पाच प्रकारची होती आणि गप्प बसलेली सगळी पहिल्या प्रकारची.

नगरला आल्यावर सहकाऱ्याला गाठले. पहिली ओळ आता कोरी आहे: तीत 'एक निवडा' एवढेच येते, आणि ती स्वतः निवडता येत नाही. तशीच सोडली तर अर्ज पुढे सरकत नाही. एकाहून अधिक उत्तरांवर खूण करता येते. त्यासाठी उतरती यादी मोडून सगळे पर्याय उघडे मांडावे लागले आणि पानाची लांबी वाढली. सहकारी थोडा हिरमुसला. त्याचे पान आधी फार देखणे होते. सगळ्यांत खाली 'यात नसेल तर लिहा' म्हणून एक रेघ आहे. मुलांनी अर्ज पुन्हा भरले, कुरकुर करीत. माझा परिच्छेद मी फाडून टाकला.

गणती अजून व्हायची आहे. पण त्या मुलीचा अर्ज मी मुद्दाम काढून पाहिला. तिने शेती आणि गृहिणी दोन्हींवर खुणा केल्या होत्या, आणि खालच्या रेघेवर लिहिले होते: 'दूधधंदा. जमीन आईच्या नावावर (गाव राळेगणसिद्धी, थेरपाळ नाही).'