काल्यात प्रत्येकाची शिदोरी

आज आषाढी एकादशी. अजून चार दिवसांनी, पौर्णिमेस, गोपाळपुरास काला होईल आणि त्यानंतर संतांच्या पालख्या पंढरीचा निरोप घेऊन परतीच्या वाटेस लागतील. एवढ्या मोठ्या सोहळ्याची सांगता एखाद्या राजोपचारी पूजेने न होता दही-लाह्यांच्या काल्याने व्हावी, यात फार मोठा अर्थ भरलेला आहे. यमुनेच्या काठी गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. कोणाची भाजीभाकरी, कोणाचे लोणचे, कोणाच्या फडक्यात मूठभर लाह्या. भगवंतांनी त्या साऱ्या एकत्र कालविल्या आणि मग सर्वांस वाटल्या. आम्ही कीर्तनकार त्या वाटपाचे वर्णन मोठ्या रसाने करतो. परंतु वाटपाच्या आधीची गोष्ट बहुधा घाईने उरकतो. त्या काल्यात प्रत्येकाची शिदोरी पडली होती. रिकाम्या हाताचा तेथे कोणीच नव्हता. म्हणूनच तेथे दाता कोणी नव्हता आणि याचकही कोणी नव्हता.

या काल्याच्या न्यायाचा विचार आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे, आणि तो शहरातील झोपडवस्त्यांच्या संदर्भात. सणाच्या पानावर, उपवासाच्या दिवशी, शौचकूपांची आणि सांडपाण्याची चर्चा कशाला, असे काही वाचकांस वाटेल. प्रस्तुत लेखकासही पुष्कळ वर्षे तसेच वाटत असे. ते वाटणे कसे गेले, हे आधी सांगितले पाहिजे.

१९९५ च्या सुमारास पुण्यात मुळा नदीपलीकडील एका वस्तीतून हरिनाम सप्ताहाचे निमंत्रण आले होते. हमाल, गवंडी, धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया यांची ती वस्ती. पत्र्याची घरे, दोन माणसे समोरासमोर आली तर एकास भिंतीला टेकावे लागेल अशा गल्ल्या. सप्ताह मात्र दृष्ट लागावी असा. पहाटे काकड्यास निघालो, तेव्हा अंधारातून पाचसहा स्त्रिया डोक्यावर पदर घेऊन परतताना दिसल्या. त्या रात्रीच्या कीर्तनात मी त्यांची मुक्तकंठाने स्तुती केली. ब्राह्ममुहूर्ती उठणाऱ्या या माउलींचा आदर्श बंगल्यांतील स्त्रियांनी घ्यावा, असेही बोलून गेलो. कीर्तन संपल्यावर एक वृद्धा पाया पडावयास आली आणि हलकेच म्हणाली, "महाराज, आम्ही पहाटंचं देवासाठी उठतो म्हणालात. देवासाठी नाही, बाबा. उजाडल्यावर बाईमाणसाला बसायला जागा नाही, म्हणून उठतो."

तीन दिवस त्या वस्तीचे अन्न खाऊन, तेथे शौचाची सोय काय आहे, हे मी एकदाही विचारले नव्हते. माझी सोय यजमानांनी रस्त्यापलीकडच्या एका परिचिताच्या घरी केली होती. तेवढ्याने माझे भागले होते. अमरकोश पाठ असलेल्या माणसास 'लज्जा' या शब्दाचा अर्थ त्या रात्री एका निरक्षर वृद्धेने सांगितला.

पुढे चार वर्षांनी पुण्यात एक गोष्ट घडली. १९९९ मध्ये तत्कालीन महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वस्त्यांतील सामुदायिक शौचालये स्वयंसेवी संस्थांच्या आणि रहिवाशांच्या सहभागाने बांधून घेण्याचे ठरविले. तोवरची रीत अशी, की पालिकेने ठेकेदारास काम द्यावे, ठेकेदाराने चार भिंती उभ्या करून बिल घ्यावे आणि पुढे झाडलोट कोणी करावयाची, हे कोणासच ठाऊक नसावे. दारे मोडत, पाणी आटे आणि वर्षदोन वर्षांत त्या जागेचा उकिरडा होई. नव्या रीतीत जागा, बांधकामाचा खर्च, पाणी आणि वीज हा वाटा पालिकेचा. आराखडा, बांधकाम आणि पुढील देखभाल हा वाटा संस्थेचा व वस्तीचा. पन्नास माणसांमागे एक शौचकूप, असे प्रमाण धरले गेले. काम अडू नये म्हणून आयुक्त स्वतः दर आठवड्यास बैठक घेत. १९९९ ते २००१ या अल्पावधीत चारशेहून अधिक शौचालये उभी राहिली आणि त्यांत दहा हजारांवर शौचकूप झाले.

या कामात ज्या संस्था उतरल्या, त्यांतील एका त्रिकुटाची हकीकत उद्बोधक आहे. झोपडवासीयांचे राष्ट्रीय महासंघटन १९७४ पासूनचे. त्याचे धुरीण जोकिन अर्पुतम स्वतः मुंबईच्या झोपडवस्तीत राहिलेले. १९८४ मध्ये मुंबईत 'स्पार्क' ही संस्था निघाली आणि भायखळ्याच्या पदपथांवर संसार मांडलेल्या स्त्रियांत तिने काम आरंभिले. त्या स्त्रियांतूनच १९८६ मध्ये 'महिला मिलन' उभे राहिले. त्यांचा आरंभ कोठल्या अनुदानाने झाला नाही. रोज रुपया-दोन रुपये एकीने गोळा करावयाचे, अडल्यानडल्यास त्यातून कर्ज द्यावयाचे आणि हिशेब चारचौघींत मांडावयाचा, एवढेच त्यांचे भांडवल. हीच त्यांची मूठभर लाह्यांची शिदोरी. पुढे पुण्याच्या वस्त्यांतील अशाच काही बचतगटांच्या स्त्रियांनी शौचालय बांधण्याचे ठेके घेतले. ज्यांनी जन्मभर पाट्या वाहिल्या, त्या आता सिमेंटचा भाव ठरवू लागल्या आणि गवंड्याचे काम तपासू लागल्या.

आराखड्यातही त्यांचे शहाणपण उतरले. स्त्रियांची आणि पुरुषांची रांग निराळी. कारण रांग एकच असली, की दांडगाईने पुढे घुसणारा कोण, हे त्यांस ठाऊक होते. मुलांसाठी लहान मापाची वेगळी जागा, कारण मोठ्यांच्या गर्दीत लेकरास कोणी शिरू देत नाही आणि अंधाऱ्या खोलीत बसावयास ते भिते. दारे आत-बाहेर दोन्ही बाजूंस उघडणारी, म्हणजे हातात बादली असताना अडचण नको. पाण्याची मोठी टाकी, राखणदाराच्या कुटुंबास राहण्यास खोली, आणि काही ठिकाणी वर एक सभागृह. पैसे देऊन वापरण्याच्या शौचालयात तेव्हा माणशी एक रुपया म्हटला, तर पाच जणांच्या घरास महिन्याचे दीडशे रुपये पडत. येथे साऱ्या कुटुंबास महिन्याचा पास असे, तोही तेव्हा साधारण वीस-पंचवीस रुपयांचा. या बारीकसारीक गोष्टी कोणत्याही शिल्पशास्त्राच्या ग्रंथात सापडणार नाहीत; ज्याने ते दुःख भोगले त्यासच त्या सुचतात.

२००२ मध्ये त्याच वस्तीतून पुन्हा सप्ताहाचे बोलावणे आले. कीर्तन कोठे, म्हणून विचारले तो कळले, की नव्या शौचालयाच्या वरच्या सभागृहात! वाचकांपाशी खोटे कशास बोलू? माझे पाय अडखळले. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेला मी, खाली शौचकूप आणि वर हरिकथा, ही कल्पनाच मनास सोसेना. दुसरी एखादी जागा पाहा, असे मी सुचविले. गटाच्या प्रमुख बाई शांतपणे म्हणाल्या, "महाराज, आधी वर येऊन बघा. आमच्या वस्तीत याहून स्वच्छ जागा नाही." वर गेलो. फरशी लखलखीत, दुर्गंधीचा लवलेश नाही, कोपऱ्यात पाण्याचा माठ, भिंतीवर विठोबाची तसबीर. त्या रात्री मी तेथे उभा राहिलो. शुचिता म्हणजे काय, यावर पूर्वी मी अनेक प्रवचने केली होती. त्या दिवशी ती पायाखाली जाणवली.

शौचालयाच्या मागोमाग घरांचा प्रश्न आला. २००५ मध्ये सुरू झालेल्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून येरवड्याच्या काही वस्त्यांत पुढील काळात जे घरबांधणीचे काम झाले, ते मला जीर्णोद्धारासारखे वाटते. मंदिराचा जीर्णोद्धार करताना आपण देवाचे स्थान सोडत नाही. जे पक्के आहे ते राखतो आणि जे ढासळले आहे तेवढेच नव्याने बांधतो. येरवड्यात हेच धोरण धरले. लोकांस उचलून शहराबाहेरच्या उंच इमारतींत नेऊन टाकले नाही. पक्की घरे तशीच ठेवली. कच्ची होती ती त्याच जागी, त्याच शेजारात, सुमारे २७० चौरस फुटांची पक्की बांधली. वास्तुविशारद आणि महिला मिलनच्या स्त्रिया गल्लोगल्ली फिरून प्रत्येक कुटुंबाशी बोलल्या. ज्यांची जागा फारच अपुरी, अशा शेजाऱ्यांनी आपापसांत समजूत करून जागा एकत्र केल्या. खर्चाचा मोठा भार केंद्र, राज्य आणि पालिका यांनी उचलला. सुमारे दहावा हिस्सा त्या कुटुंबाने घातला. हा दहावा हिस्सा मला फार मोलाचा वाटतो. त्या पैशामुळे गृहिणी गवंड्यास विचारू शकते, की बाबा रे, ही भिंत ओळंब्यात का नाही? भिक्षा घेणाऱ्यास असा प्रश्न विचारता येत नाही.

हे सारे निर्दोष झाले, असे कोणी समजू नये. चारशे शौचालयांची सर्वांचीच देखभाल उत्तम राहिली, असे नाही. जेथे केवळ संख्या भरून काढण्यासाठी बांधकाम झाले आणि वस्तीचा गट मनापासून उभा राहिला नाही, तेथे पूर्वीचीच अवकळा आली. ती घरबांधणीची योजनाही आता संपली आहे आणि कागदपत्रांत न बसलेली कुटुंबे मागेच राहिली. परंतु या अपयशातूनही तोच न्याय सिद्ध होतो. ज्याची शिदोरी काल्यात पडली नाही, त्यास काल्याचे ममत्वही वाटत नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा, की या वस्त्या अनधिकृत आहेत. त्यांस सोयी देणे म्हणजे अतिक्रमणास उत्तेजन देणे होय. आक्षेप घेणाऱ्याने आपल्या घरात सकाळी येणाऱ्या माणसांची यादी करावी. भांडी घासणारी, केर नेणारी, फुलपुडी टाकणारा, इमारतीचा रखवालदार. यांचे श्रम शहरास हवे आहेत. रात्री पाठ टेकावयास मात्र त्यांनी कोठे जावे, याचा विचार शहराने कधी केला नाही. श्रम अधिकृत आणि श्रम करणारा अनधिकृत, हा कोठला धर्म? दुसरा आक्षेप असा, की ही कामे सरकारची, आम्हां भाविकांचा यात काय संबंध? संस्कृतात 'इष्टापूर्त' असा एक समास आहे. इष्ट म्हणजे यज्ञयागादी कर्मे. पूर्त म्हणजे विहिरी, तळी, बागा, धर्मशाळा, अन्नछत्रे अशी लोकोपयोगी कामे. पूर्वसूरींनी ही दोन्ही एका शब्दात घट्ट बांधली. आम्ही त्यातील इष्ट तेवढे ठेवून घेतले आणि पूर्त पालिकेच्या माथी मारले.

संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) ही फारकत कधी मानली नाही. गावात शिरताच हाती खराटा, आणि गाव झाडून झाल्यावर रात्री कीर्तन, हा त्यांचा क्रम होता. पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. उभारलेली वास्तू ज्यांच्या उपयोगाची, त्यांच्याच हाती ती असावी, एवढा निर्मोह त्यांच्या ठायी होता. आम्हां कीर्तनकारांस त्यांचे नाव घेण्याचा अधिकार हवा असेल, तर आधी खराटा उचलला पाहिजे.

ज्ञानोबारायांची पालखी आळंदीहून पुण्यात येते ती विश्रांतवाडीवरून, येरवड्याच्या कडेने. त्या दिवशी भाविक कुटुंबे वाटेवर उभी राहून वारकऱ्यांस चहा-फराळ देतात. ते अवश्य द्यावे. त्या अन्नदानास कोण नावे ठेवील? परंतु पालखी पुढे गेल्यावर त्याच वाटेच्या कडेच्या वस्तीकडे एकदा वळून पाहावे. जाताना जुने कपडे आणि उरलेले अन्न घेऊन जाऊ नये. त्या वस्तीत काय चालले आहे, बचतगट कोणाचा, शौचालयाची टाकी कोणी फोडली, जोडणीचा अर्ज कोणत्या टेबलावर अडला, हे विचारावे. निवृत्त अभियंत्याने बांधकाम तपासावे, हिशेबनिसाने गटाच्या वह्या पाहून द्याव्यात, वकिलाने कागद वाचून सांगावा. देवस्थानांच्या विश्वस्तांनी दानपेटीतील काही भाग अशा कामात घालावा. मात्र घातलेल्या पैशाचा फलक लावू नये, आणि निर्णयाची दोरी वस्तीच्याच हाती राहू द्यावी. शिदोरी आणणाऱ्या गोपाळाने काला मीच कालवीन, असा हट्ट धरला नव्हता.

ती वृद्धा आता हयात नाही. परंतु तिच्या नातीस आता अंधाराची वाट पाहावी लागत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. ती पहाटे उठते ती अभ्यासास. चार दिवसांनी गोपाळपुरास काल्याचा प्रसाद हाती येईल, तेव्हा प्रत्येक वाचकाने आपल्या मनास एवढेच विचारावे, की या काल्यात माझी शिदोरी कोणती? पांडुरंग त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे बळ सर्वांस देवो.